एक ट्रम्पेट, एक पियानो आणि फिरती टेप: जुन्या यंत्रांवर जॅझ रेकॉर्ड कसा होतो?

रील्स बघताना एक दृश्य हल्ली हमखास समोर येतं. दोन मोठी चाकं सावकाश फिरतायत, मीटरचा काटा थरथरतोय आणि मागे कुणीतरी पियानो वाजवतंय. खाली कॅप्शन असतं, 'ॲनालॉगची ऊब'. कमेंटमध्ये अर्धे लोक म्हणतात, "काय आवाज आहे!" उरलेले विचारतात, "मोबाइलच्या स्पीकरवर ऐकताय, त्यात कसली आली ऊब?"

दोघांचंही थोडंथोडं बरोबर आहे. ही ऊब नेमकी कुठून येते हे समजून घ्यायचं असेल, तर जॅझमधली पियानो आणि ट्रम्पेटची जोडी हे सगळ्यात सोपं उदाहरण. ड्रम नाही, बास नाही, गायक नाही. वाद्यं फक्त दोन, त्यामुळे चूक झाकायला जागाच नाही. या गोष्टीचा एक धागा थेट नागपूरपर्यंत येतो.

सुरुवात शिकागोतून

या जोडीचं सगळ्यात गाजलेलं रेकॉर्डिंग ५ डिसेंबर १९२८ रोजी शिकागोत झालं. ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँग, पियानोवर अर्ल हाइन्स आणि रचनेचं नाव 'वेदर बर्ड'. तीन मिनिटांच्याही आत संपणारी ही रेकॉर्ड आज जवळपास शंभर वर्षांनीही जॅझ शिकणाऱ्यांना ऐकवली जाते.

तेव्हा टेप नव्हतीच. मायक्रोफोनमधून आलेला आवाज थेट मेणाच्या जाड तबकडीवर कोरला जायचा. चूक झाली की तो प्रयत्न बाद आणि नवी तबकडी. दहा इंची ७८ आरपीएम रेकॉर्डच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटंच बसायची, म्हणून संगीतही तेवढ्यातच आटपावं लागायचं.

त्याआधी, म्हणजे १९२५ च्या सुमारास विजेवरचं रेकॉर्डिंग येईपर्यंत, मायक्रोफोनसुद्धा नव्हता. एका मोठ्या कर्ण्यासमोर सगळ्यांनी वाजवायचं. १९२३ मध्ये किंग ऑलिव्हरच्या बँडमधून वाजवताना तरुण आर्मस्ट्राँगचा आवाज इतका दणदणीत होता की त्याला इतरांपासून बराच लांब उभं केलं गेलं, असा किस्सा त्या बँडची पियानोवादक लिल हार्डिन सांगत असे. पुढे ती आर्मस्ट्राँगची पत्नी झाली.

किस्सा गमतीचा आहे, पण या रेकॉर्डिंगचं मूळ सूत्र त्यातच आहे: आवाज कमी करायचा असेल तर बटण फिरवू नका, माणसाला मागे सरकवा.

शिकागोतून मुंबईत

आर्मस्ट्राँगसोबत शिकागोत आणखी एक पियानोवादक वाजवत होता, टेडी वेदरफर्ड. १९२६ मध्ये अर्स्किन टेटच्या ऑर्केस्ट्राच्या रेकॉर्डिंगमध्ये हे दोघं एकत्र आहेत. त्याच वर्षी वेदरफर्ड आशियाकडे निघाला. शांघायसारख्या शहरांत त्याने नाव कमावलं आणि १९३० च्या दशकात तो मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात पोहोचला.

तिथे क्रिकेट स्मिथ नावाच्या अमेरिकन ट्रम्पेटवादकाचा बँड होता. म्हणजे शिकागोतला पियानो आणि अमेरिकेतलाच ट्रम्पेट अपोलो बंदरावर एकत्र आले. स्मिथच्या बँडने १९३६ मध्ये 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' ही रेकॉर्ड काढली. पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझवर लिहिलेल्या पुस्तकालाही हेच नाव आहे.

वेदरफर्ड पुढे कलकत्त्याला गेला. तिथेही त्याने रेकॉर्डिंग केलं आणि एप्रिल १९४५ मध्ये कॉलऱ्याने त्याचा तिथेच मृत्यू झाला. वय जेमतेम ४१.

नागपूरचा धागा

या अमेरिकन वादकांना ऐकत, त्यांच्यासोबत वाजवत गोव्याच्या वादकांची एक पिढी तयार झाली. त्यातलं ठळक नाव चिक चॉकलेट. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, गाव बार्देशमधलं हळदोणे. लोक त्याला 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणत.

क्लबमध्ये रात्री ट्रम्पेट वाजवणारे हे वादक दिवसा हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत असायचे. त्यांच्याकडून जॅझ आणि लॅटिन ढंगाचं वाजवून घेणाऱ्या संगीतकारांत सगळ्यात पुढे होते सी. रामचंद्र, म्हणजेच रामचंद्र नरहर चितळकर. जन्म १९१८ चा, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा. गाण्याचं सुरुवातीचं शिक्षण मात्र नागपुरात, शंकरराव सप्रे यांच्याकडे. डॉ. वसंतराव देशपांडे हेही सप्रे यांचेच शिष्य. सिव्हिल लाइन्समधलं सभागृह ज्यांच्या नावाने आहे, तेच हे वसंतराव.

नागपुरात रागदारी शिकलेल्या चितळकरांनी 'समाधी' (१९५०) आणि 'अलबेला' (१९५१) या सिनेमांत चिक चॉकलेटसोबत काम केलं. 'अलबेला'त तर हा बँड पडद्यावरही दिसतो.

त्या काळात गायक आणि सगळे वादक एकाच खोलीत, एकाच वेळी वाजवत. मायक्रोफोन मोजके असायचे. कुणी किती लांब बसायचं हे वाद्याच्या आवाजावर ठरायचं. शिकागोत आर्मस्ट्राँगला मागे उभं करण्यामागे जो हिशोब होता, तोच इथेही.

आता समजा, नागपुरातच असं रेकॉर्डिंग करायचं आहे

काय काय लागेल?

१. टेप मशीन. स्वित्झर्लंडचं स्टुडर किंवा अमेरिकेचं ॲम्पेक्स ही स्टुडिओतली जुनी, भरवशाची नावं. प्लास्टिकच्या पातळ फितीवर लोहाच्या ऑक्साइडचा थर असतो. रेकॉर्डिंग हेडसमोरून फीत जाताना आवाजाच्या चढउतारानुसार हे कण चुंबकित होतात. व्यावसायिक कामात फीत बहुतेकदा सेकंदाला १५ इंच या वेगाने पळते. साडेदहा इंची स्पूलवर २,५०० फूट टेप बसते, म्हणजे सुमारे ३३ मिनिटं.

२. रिबन माइक. यात दोन चुंबकांच्या मध्ये ॲल्युमिनियमची अतिशय पातळ पट्टी असते. हवा हलली की पट्टी हलते आणि वीज तयार होते. हा माइक ट्रम्पेटची कर्कश धार थोडी बोथट करतो, म्हणून पितळी वाद्यांसाठी तो आजही आवडीने वापरतात. पण पट्टी नाजूक असते. जवळून नुसती फुंकर मारली तरी फाटू शकते.

३. व्हॉल्व्हवर चालणारा ॲम्प्लिफायर. रिबन माइकचा सिग्नल फार क्षीण असतो, त्याला मोठं करावं लागतं. जुन्या रेडिओत दिसणारे काचेचे व्हॉल्व्ह हेच काम करतात. ते गरम होऊन स्थिर व्हायला वेळ लागतो, म्हणून यंत्रं बरीच आधी सुरू करून ठेवायची.

४. चांगली खोली. यादीत चौथी असली तरी महत्त्वात पहिली.

माइक कुठे ठेवायचा?

ट्रम्पेटचा आवाज एका दिशेने जातो, टॉर्चच्या झोतासारखा. पियानोचा आवाज झाकण, तळ, बाजू अशा सगळीकडून पसरतो. ट्रम्पेटने जोर लावला तर पियानो सहज झाकला जातो.

डिजिटल स्टुडिओत यावर सोपा उपाय आहे. दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवा, वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्या आणि नंतर लॅपटॉपवर समतोल साधा. जुन्या पद्धतीत दोघं एकाच खोलीत, एकमेकांना दिसतील असे असतात आणि टेपवर फक्त दोन ट्रॅक, डावा आणि उजवा. दोन्ही आवाज टेपवर उतरले की वेगळे करता येत नाहीत.

मग समतोल साधायचा तो अंतराने. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. खोलीत भिंतींवरून आवाज परत येतो, म्हणून फरक याहून कमी पडतो. त्यामुळे सुरुवातीला पियानो माइकपासून दीड-दोन मीटरवर आणि ट्रम्पेट तीन-चार मीटरवर ठेवून बघतात. मग ऐकायचं, वादकाला एक पाऊल मागे घ्यायचं, पुन्हा ऐकायचं. अर्धा दिवस यातच जातो.

रिबन माइकचा इथे आणखी एक उपयोग होतो. तो पुढून आणि मागून ऐकतो, पण बाजूने जवळजवळ बहिरा असतो. पियानोसाठी वेगळा माइक लावायचा असेल तर त्याची बहिरी बाजू ट्रम्पेटकडे करायची. ट्रम्पेट त्यात कमी शिरतो. पूर्ण थांबत नाही आणि थांबूही नये. तो जो थोडा शिरतो, त्यातूनच दोघं एका जागी वाजवतायत हे कानाला कळतं.

ट्रम्पेटचं तोंड थेट पियानोच्या पोटात नसलेलं बरं. पियानोवादकाने पेडल दाबलेलं असेल तर ट्रम्पेटच्या आवाजाने पियानोच्या तारा आपोआप झणझणतात. कधी ते सुंदर लागतं, कधी चिखल होतो. ठरवायचं असतं ते वाजवण्याआधी.

नागपूरचं ऊन आणि दोन वाद्यांचं भांडण

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की नागपुरात माणसंच नाही, वाद्यंही हैराण होतात.

पियानोच्या तारांखाली लाकडाचा मोठा पातळ फळा असतो. पावसाळ्यात हवेतली ओल शोषून तो फुगतो, तारा ताणल्या जातात आणि स्वर चढतो. कोरड्या उन्हाळ्यात तो आकसतो आणि स्वर उतरतो. ट्रम्पेटचं उलट. त्यात कंप पावते ती हवा, आणि गरम हवेत ध्वनीचा वेग वाढतो. दर अंशाला सेकंदाला साधारण ०.६ मीटर. म्हणून उन्हाळ्यात ट्रम्पेटचा स्वर चढतो.

म्हणजे नागपूरच्या उन्हाळ्यात पियानो खाली आणि ट्रम्पेट वर सरकतो. ट्रम्पेटवादक नळी थोडी बाहेर ओढून जुळवून घेऊ शकतो. पियानोवादकाला ती सोय नाही, त्याच्याकडे दोनशेहून जास्त तारा आहेत.

कूलर लावावा, तर तो हवेत ओल सोडतो आणि घरघरतो. एसीही आवाज करतो. त्यामुळे उपाय एकच: खोली आधी गार करून घ्यायची, रेकॉर्डिंगच्या वेळी सगळं बंद करायचं आणि दर काही टेकनंतर थांबायचं. दोन-तीन दिवस आधी पियानो त्याच खोलीत असावा आणि ट्यूनिंग त्याच दिवशी सकाळी व्हावं. हिवाळा निवडला तर निम्मी डोकेदुखी कमी.

विजेचा प्रश्न

जुन्या अनेक टेप मशीनच्या मोटारी विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालतात. भारतात ती ५० हर्ट्झ आहे, अमेरिकेत ६०. अमेरिकेसाठी बनलेलं असं मशीन इथे नुसता ट्रान्सफॉर्मर लावून चालवलं तर व्होल्टेज जुळतं, पण मोटार सहाऐवजी पाच भाग वेगानेच फिरते. अमेरिकेत रेकॉर्ड केलेली टेप त्यावर लावली तर सगळं जवळपास तीन अर्धस्वरांनी खाली ऐकू येईल, म्हणजे सा च्या जागी खालचा धैवत.

वेग किंचित डळमळला तरी ते सगळ्यात आधी पियानोत कळतं. ट्रम्पेट किंवा आवाजाला मुळातच थोडा कंप असतो. पियानोचा लांबलेला स्वर सरळ रेषेसारखा असतो, तो जरासा लडबडला की कान लगेच पकडतो. म्हणून टेप मशीन तपासायला पियानो हे सगळ्यात कडक परीक्षक मानलं जातं.

यावर एक जुनाच पर्याय आहे. स्टेफान कुडेल्स्की यांनी बनवलेलं नाग्रा हे पोर्टेबल मशीन. सिनेमाच्या लोकेशनवर आवाज घेण्यासाठी ते जगभर वापरलं गेलं. ते बॅटरीवर चालतं आणि मोटारीचा वेग स्वतःच सांभाळतं. शेजारच्या कूलरची मोटार सुरू झाल्यावर येणारी 'टक' आणि वायरिंगमधून येणारी घूं, दोन्हींपासून त्यामुळे बरीच सुटका होते.

लाल दिवा लागल्यावर

मीटरचा काटा दिसायला छान, पण तो आळशी असतो. ट्रम्पेटचा झटकन आलेला स्वर पूर्ण दाखवायच्या आत संपून जातो. त्यामुळे काटा लाल भागाच्या बराच खाली असतानाच थांबावं लागतं.

तरीही एखादा स्वर जास्त आलाच, तर टेप आणि डिजिटलचा फरक कळतो. डिजिटलमध्ये मर्यादा ओलांडली की आवाजाचा शेंडा सपाट कापला जातो आणि कानाला ओरखडा बसतो. टेपवर कण हळूहळू भरत जातात, त्यामुळे शेंडा गोल होतो. ज्याला 'ऊब' म्हणतात त्यातला एक भाग हा. दुसरा भाग रिबन माइकने बोथट केलेली धार, आणि तिसरा व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मरने आवाजात मिसळलेला किंचित रंग.

वाजवताना चूक झाली तर? टेप ब्लेडने तिरकी कापून दुसऱ्या टेकचा तुकडा जोडता येतो. पण तो तुकडा दोघांचा मिळूनच जोडावा लागतो. एकट्या ट्रम्पेटचा चुकलेला स्वर दुरुस्त करता येत नाही, कारण तोच स्वर पियानोच्या माइकमध्येही आहे.

१९५५ मध्ये रुबी ब्राफ आणि एलिस लार्किन्स या ट्रम्पेट-पियानो जोडीने ब्रुकलिनच्या मेसॉनिक टेम्पलमध्ये व्हॅनगार्ड कंपनीसाठी रेकॉर्डिंग केलं. मोठं दालन, कमीत कमी यंत्रं. १९७० च्या दशकात पियानोवादक ऑस्कर पीटरसन डिझी गिलेस्पी, रॉय एल्ड्रिजसारख्या ट्रम्पेटवादकांसोबत एकेकट्याने बसला आणि जोड्यांची अख्खी मालिका तयार झाली. यातलं काहीही ऐकून बघा. दोघं एकमेकांची वाट बघतायत, एकमेकांना अडवतायत हे स्पष्ट कळतं.

मग डिजिटलपेक्षा हे चांगलं का?

मोजून पाहिलं तर नाही. सीडीच्या दर्जाच्या डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर सुमारे ९६ डेसिबल असू शकतं. चांगल्या टेपवर ते ६० ते ७० च्या आसपास येतं, त्याच्या खाली टेपची सूं ऐकू येते. नवी टेपही महाग. आज ती मुख्यतः फ्रान्सची रेकॉर्डिंग द मास्टर्स आणि अमेरिकेची एटीआर या कंपन्या बनवतात, म्हणजे नागपुरात मागवायची तर आयातच. आणि शेवटी गाणं ऑनलाइन टाकायचं असेल तर त्याचं डिजिटल करावंच लागतं.

फरक यंत्रापेक्षा पद्धतीत आहे. 'नंतर बघू' हा पर्याय नसल्याने सगळे निर्णय आधी होतात: खोली कोणती, अंतर किती, कोण कुणाला दिसणार. वादकांना माहीत असतं की स्पूलवर तेहेतीस मिनिटंच आहेत. हीच शिस्त मोबाइलवर रेकॉर्ड करतानाही पाळता येते. दोघांना एका खोलीत उभं करा, एकच माइक ठेवा, अंतर बदलून ऐका आणि मग एकदाच वाजवा. खर्च शून्य.

घरी जुनी रेकॉर्ड किंवा स्पूल असेल तर हे वाचा

७८ च्या रेकॉर्ड लाखेपासून बनायच्या. पळस, कुसुम, बोर या झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी हीच ती लाख, जिचं उत्पादन पूर्व विदर्भातही होत आलं आहे. दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली, तेव्हा अमेरिकेत जुन्या रेकॉर्ड परत घेऊन त्या दळून नव्या बनवल्या गेल्या. किती संगीत असं नाहीसं झालं असेल, याचा अंदाजच केलेला बरा.

– ७८ ची रेकॉर्ड स्पिरिट किंवा सॅनिटायझरने कधीही पुसू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.

– एलपीच्या सुईने ७८ वाजवू नका. तिची खाच रुंद असते, वेगळी सुई लागते.

– रेकॉर्ड एकावर एक रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. माळ्यावर तर नकोच. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखालचा माळा म्हणजे भट्टी.

– टेपला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर तिचा आधारच सडतोय. थांबू नका, लवकर डिजिटल करून घ्या.

– १९७० आणि ८० च्या दशकांतल्या काही टेप चिकट होतात आणि वाजवताना करकरतात. अशी टेप जबरदस्तीने चालवली तर थर खरवडून निघतो. जाणकार ती ठरावीक तापमानात तासनतास शेकतात. घरच्या ओव्हनमध्ये हा प्रयोग करू नका.

– वेष्टनावर काय लिहिलंय त्याचा फोटो काढून ठेवा. वादकांची नावं असतील तर नक्कीच.

शेवटची सूचना किरकोळ वाटेल, पण चिक चॉकलेटच्या पिढीतल्या कितीतरी गोवेकर वादकांची नावं सिनेमाच्या श्रेयनामावलीत आलीच नाहीत. त्यांचा ट्रम्पेट आजही लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या गाण्यांत ऐकू येतो. कोण वाजवतंय, हे बहुतेकांना माहीत नसतं.

आणि टेडी वेदरफर्ड? तो गेला तेव्हा टेप अजून जर्मनीबाहेरच्या स्टुडिओत पोहोचलीच नव्हती. युद्धानंतर जर्मनीतून ते तंत्र अमेरिकेत गेलं आणि १९४८ मध्ये ॲम्पेक्सचं पहिलं मशीन आलं. त्यामुळे ताजमध्ये रात्र-रात्र वाजवणाऱ्या या माणसाच्या वाट्याला तीन-तीन मिनिटांच्या रेकॉर्डच आल्या. त्यातल्या जेवढ्या लोकांनी जपून ठेवल्या, तेवढाच वेदरफर्ड आज आपल्याला ऐकू येतो.